मापाचा दिवा

तुमची आत्या वेधशाळेत कामाला होती, हे तुम्हाला माहीत आहे. ती नोकरी तिने का सोडली, हा विषय तिच्यासमोर काढू नका. मला तिने एकदाच सांगितलं.

नोव्हेंबरची सव्वीस तारीख, बुधवार. आभाळ ढगांनी गच्च, म्हणून दुर्बिणीचा घुमट बंद. टेकडीवर माणसं दोनच, आत्या आणि खाली फाटकावरचा चौकीदार. आत्याचं काम साधं होतं, एका दिव्यावर लक्ष ठेवायचं. ताऱ्याचा उजेड फोडून त्यातले रंग मोजणारं एक यंत्र तिथे आहे. मोजायला पट्टी लागते, आणि ती पट्टी म्हणजे हा टीचभर दिवा. तोच डळमळला तर ताऱ्यांची सगळी मापं खोटी. दिवा जुना झालेला, तसले आता मिळतही नाहीत. म्हणून रात्रभर त्याचा उजेड स्थिर राहतो का, ते पाहायचं होतं.

यंत्र आणि दिवा जाड दाराच्या बंद खोलीत. आत कुणी जायचं नाही. माणसाच्या अंगच्या उबेनेसुद्धा माप सरकतं. आत्या बाहेरच्या खोलीत शाल गुंडाळून पडद्यासमोर बसली.

मध्यरात्रीपर्यंत पडद्यावरची रेष सुतासारखी सरळ होती. मग एकदम खाली आली, परत वर गेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दिव्यापुढून कुणी गेल्यासारखं. आणि आतलं तापमान चढायला लागलं.

तिने साहेबांना फोन करून उठवलं.

"दिवा सैल झाला असेल," ते म्हणाले. "आत जा, घट्ट बसव, लगेच बाहेर ये. दार मात्र लावून घे."

"साहेब, आतलं तापमान वाढतंय."

"अगं, तुझ्या डोक्याचं वाढलंय. जा."

आत्या आत गेली. दार लावलं. काळोख, आणि पलीकडच्या टोकाला दिव्याचा जांभळट ठिपका. तिने तो हलवून पाहिला. घट्ट होता.

ती परत दाराशी आली. ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ढकललं. हललं नाही. खांदा लावला. तरी नाही.

चाचपडत तिने भिंतीवरचा फोन उचलला. "दादा, मी आत अडकलेय."

"आलो, ताई," चौकीदार म्हणाला.

ती दिव्यापाशी जाऊन उभी राहिली. तेवढाच उजेड. खोली उबट लागत होती. आत्ताच गर्दी उठून गेल्यासारखी.

बऱ्याच वेळाने पावलं वाजली. दार बोटभर उघडलं, उजेडाची फट पडली... आणि धाडकन मिटलं.

"ताई, सोडा ना." जाड दारातून चौकीदाराचा आवाज पुसट येत होता.

"काय सोडू?"

"दार. आतून ओढून धरलंय तुम्ही."

आत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"दादा... मी दारापाशी नाहीये."

त्याने पुन्हा दार ओढलं, ते हललं नाही. मग तिला श्वास ऐकू आला. चौकीदाराचाच असेल... पण त्याचा आवाज पुसट होता. श्वास स्पष्ट होता.

दिवा दिसेनासा झाला.

तिचा हात दिव्याच्या काचेवर होता. काच गरम होती. म्हणजे दिवा जळत होता. फक्त दिसत नव्हता. तिच्या आणि दिव्याच्या मध्ये...



"मला जाऊ द्या," आत्या हळूच म्हणाली. "घरी जायचंय मला."

...

दार उघडलं. ओढणारा चौकीदार उताणा पडला. आत्याने त्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं टेकडी उतरली. मागे वळून पाहिलं नाही.

ती पुन्हा वर गेली नाही. मी गेलो, तिचं सामान आणायला. साहेब मला त्या खोलीपाशी घेऊन गेले. कुलूप ठीक होतं, बिजागऱ्या ठीक होत्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग दाराची आतली बाजू माझ्याकडे वळवली. तिथे पोलादी मूठ आहे, अंगठ्याएवढी जाड. बाहेर पडायला दार ढकलायचं असतं.

मूठ खोलीच्या बाजूला ओढली जाऊन वाकली होती.