पाणघोड्याचा म्होरक्या

भाजलेल्या टर्की पक्ष्याला कुणी सुरी लावलीच नव्हती. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस उजाडला तरी ती ओट्यावर तशीच पडून होती, कातडी आकसलेली.

"नवरा शवागारात, पोरगा कोठडीत," नोरीन ऑर्कट म्हणाली. "कापू कुणासाठी?"

मॉरिसने टोपी काढली. ऑगस्टा किंबलने मात्र खुर्ची ओढली. खासगी तपासाचा धंदा तिचा; गाडी चालवणं आणि उशिरा समजणं ही मॉरिसची खाती.

"पहिल्यापासून सांग, नोरीन."

लीलंड ऑर्कट हा न्यूयॉर्कमधल्या सणाच्या मिरवणुकीतल्या अवाढव्य फुग्यांचा मुकादम. काल चार मजली उंच पाणघोड्याचा फुगा निघाला, आणि थोड्याच वेळात लीलंड सामानाच्या ट्रकमध्ये मेलेला सापडला. फुगा दाबून धरायची वाळूची पिशवी कुणीतरी त्याच्या डोक्यात घातली होती.

"आदल्या दिवशी बापलेकांचं वाजलं होतं. ड्यूईला फुग्यापुढे चालणारा म्होरक्या व्हायचं होतं. हे म्हणाले, 'दोरी धर, तेवढीच तुझी लायकी.' आणि काल दोरीवर ड्यूई नव्हता."

"ड्यूई काय म्हणतो?"

"म्हणतो, मीच म्होरक्या होतो. नेहमीच्या म्होरक्याचा, ग्रेडी फेनचा, गुडघा दुखत होता म्हणून त्यानं गुपचूप त्याची शिट्टी माझ्या हातात दिली. ग्रेडी साफ नाही म्हणतोय. सगळ्यांची तोंडं राखाडी रंगवलेली, डोक्यावर पाणघोड्याचे कान. ओळखणार कोण? फुगा निघाला तेव्हा ह्यांचा फोन आला होता. 'टीव्ही लाव. ग्रेडी आज पहिल्यांदाच काय झकास चालतोय बघ!' हे मीच पोलिसांना सांगून बसले, ऑगस्टा."

"खलास," मॉरिस गाडीत बसता बसता म्हणाला. "मेलेला माणूसच ग्रेडीच्या बाजूनं साक्ष देतोय."

कोठडीत ड्यूई कालच्याच जांभळ्या कपड्यांत बसला होता. मॉरिसने नाकाला रुमाल लावला.

"लीद आहे," ड्यूई ओशाळला. "आमच्या पुढे पोलिसांचे घोडे होते."

बुटांच्या टाचा बरबटल्या होत्या. विजारही, मागच्या बाजूने, पार पोटरीपर्यंत.

"ग्रेडीचं तुझ्या बाबांशी काही बिनसलं होतं?"

"गेल्या वर्षी तो पिऊन आला होता. पाणघोड्याचा पाय दिव्याच्या खांबाला धडकला, काच पडून एक बाई आंधळी झाली. बाबा सोमवारी चौकशीत ते सांगणार होते." तो खाली बघू लागला. "मी पळून गेलो असंच त्यांना वाटलं असणार. तसेच गेले ते."

ग्रेडी फेन कपड्यांच्या गोदामात भेटला. गोरापान, हसरा.

"अहो बाई, अख्खा रस्ता उलटा चाललो मी! म्होरक्याचं तोंड कायम फुग्याकडे. मागे वळून बघितलं की पाणघोडा गेलाच इमारतीवर. मान धरलीय अजून."

"कालचे बूट?"

"गोणीत. मिरवणूक संपली की सगळं जमा, धुणं सोमवारी. हे बघा, माझ्या नावाची चिठ्ठी. रक्ताचा थेंब सापडला तर सांगा!"

सापडला नाही. बूट पांढरेशुभ्र होते. ऑगस्टाने ते उलटसुलट केले, हुंगलेसुद्धा.

"मॉरिस, पोलीस सार्जंटला बोलाव. ड्यूई आणि नोरीनला घेऊन ये म्हणावं."

सगळे जमल्यावर तिने बूट टेबलावर ठेवले.

"पुढे घोडे. दोरवाले सरळ चालतात, लीद दिसली की पाय उचलतात. एकट्या म्होरक्याला ती दिसत नाही. तो टाचेनं तिच्यात शिरतो, दर चौकात. ड्यूईचे कपडे बघा: पुढून स्वच्छ, मागून पोटरीपर्यंत घाण. आणि हे ग्रेडीचे बूट, कालपासून न धुतलेले. ह्यांची टाच कोरी आहे. ग्रेडी, तू मिरवणुकीत नव्हतास. शिट्टी ड्यूईला दिलीस आणि ट्रकमध्ये शिरलास. सोमवारी लीलंडनं तोंड उघडलं असतं."

"पण तो फोन?" मॉरिस म्हणाला.

"लीलंड जन्मभर फुग्यांपुढे चालणारी माणसं बघत आला. ग्रेडी नीट चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग काल 'पहिल्यांदाच' नीट कोण चालत होतं?"

ग्रेडी दाराकडे धावला. गुडघा मुळीच दुखत नव्हता. सार्जंटने त्याला उंबऱ्यावरच आडवा केला.

बेड्यांचा आवाज दूर गेला. ड्यूई आईकडे बघत होता.

"आई, बाबा फोनवर नक्की काय म्हणाले?"

नोरीनने डोळे पुसले. मग तिने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, फक्त ग्रेडीचं नाव गाळून.

"परत सांग," ड्यूई म्हणाला.