विमानाला दुसऱ्याची शेपटी

"हे ते विमान नाही!" आजोबा म्हणाले आणि चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

शिडीखाली उभे असलेले काका वैतागले. सेवेतून काढलेली लष्करी विमानं जिथे ठेवतात, त्या आवाराचे ते साहेब. उद्या संग्रहालयाची माणसं येणार, विमान घेऊन जाणार, आणि त्याआधी आजोबा भाषण करणार, असं सगळं ठरलेलं.

"बाबा, तेच आहे! शेपटीवर नंबर आहे की ढळढळीत!"

"मला दिसत असतं तर वाचला असता. आता हातच माझे डोळे. मागच्या सीटच्या डाव्या कडेला पत्र्याचं ठिगळ होतं. इथे सगळं गुळगुळीत आहे."

"इतक्या वर्षांपूर्वीचं ठिगळ कोणाला आठवतं?"

"मला आठवतं," आजोबा म्हणाले. पण आवाज जरा पडलाच.

शिडी धरून तिन्ही भावंडं उभी होती. मिरची तेरा वर्षांची, जिभेने तिखट. मधला रंग्या, सुट्टीतही रंगपेटी बगलेत मारून फिरणारा. आणि सगळ्यांत धाकटा टिल्लू. आजोबांची गोष्ट तिघांना पाठ होती. लढाईत विमानाला गोळ्या लागल्या, पुढच्या सीटवरचा वैमानिक जबर जखमी झाला. तो आजोबांचा जिवलग मित्र. आजोबांनी मागच्या सीटवरून विमान खाली उतरवलं. विमानाला ठिगळ लावून झालं, मित्र मात्र वाचला नाही.

संध्याकाळी आवारालगतच्या घरी काका काकूला हळू आवाजात सांगत होते, "बाबांचं डोकं आता चालत नाही गं. भाषण रद्द केलंय. परवा डॉक्टरांकडे नेतो."

काकांचा हळू आवाज म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाणारा! आजोबा अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"आजोबा, तुम्ही लक्ष देऊ नका," मिरची तावातावाने म्हणाली.

"त्याचं खरं असलं तर? ठिगळ नसेलच कधी. मग त्या दिवसातलं बाकीचं तरी खरं कशावरून? मित्राचा चेहराही मी मनानेच रचला असेन." आजोबा काठीने जमीन टोकरत होते.

त्यांना असं बोलताना मुलांनी कधीच ऐकलं नव्हतं. टिल्लूला तर रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं होतं. आवारात विमानं रांगेने उभी होती, काचांवर उन्हापासून जपायला पांढरा लेप, चाकांत गवत. मागच्या भिंतीकडून पत्रा फाटल्याचा कर्कश आवाज येत होता. निरुपयोगी विमानं तिथे यंत्राने कापत होते.

रंग्या कालच्या विमानाचं चित्र काढायला बसला होता. तेवढ्यात त्याने ब्रश खाली ठेवला. उठून विमानाला एक चक्कर मारली. मग दुसरी.

"भोवळ येईल रे!" मिरची म्हणाली.

"ताई, हे चित्र जमतच नाहीये. विमानाचं अंग उजवीकडून फिकं आहे आणि डावीकडून गडद. पण शेपटी बघ, डावीकडून फिकी!"

"मग?"

"ऊन एकाच बाजूने पडतं ना? या रांगेतली सगळी विमानं उजवीकडून विटलीत."

टिल्लूने वर पाहिलं. "आज तर ऊनच नाही!"

"अरे शहाण्या, एका दिवसात रंग विटतो का? वर्षानुवर्षं उभी आहेत ती!"

मिरचीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ही शेपटी आधी उलट्या तोंडाने उभ्या असलेल्या विमानाला होती! आणि नंबर आहे तो शेपटीवर!"

उलट्या तोंडाची रांग एकच होती, मागच्या भिंतीपाशी. तिघं धूम पळाली. दोरीपलीकडे एक विमान उभं होतं. डावी बाजू फिकी. आणि मागे शेपटीच नाही! यंत्राने त्याचा एक पंख नुकताच कापून खाली टाकला होता.

"थांबवा! थांबवा!" तिघं किंचाळली.

यंत्रावरच्या माणसाने एकदाचं यंत्र थांबवलं. "बाळांनो, मला हुकूम आहे. साहेबांना विचारा. माझा चहा झाला की मी पुढे सुरू करणार!"

साहेब म्हणजे काका. आणि काका संग्रहालयाच्या माणसांना आणायला गेलेले, फोन उचलेनात!

"आजोबांनाच घरून आणू," मिरची म्हणाली. "आत माणूस बसला की कापतील कसे?"

पुढची धावपळ काय सांगावी! टिल्लूने काठी घेतली, रंग्याने हात धरला, आजोबा वाटेत दोनदा अडखळले. यंत्रवाला चहा पिऊन येतो तो काय, शिडीवर आजोबा आणि खालून त्यांना ढकलणारी तीन कार्टी!

"अहो आजोबा, उतरा! माझी नोकरी जाईल!"

आजोबांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते मागच्या सीटवर टेकले. डावा हात कडेवरून सरकत गेला आणि थांबला. बोटं तिथेच फिरत राहिली.

"आहे," ते पुटपुटले. "ठिगळ आहे."

मग पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकून ते हमसून हमसून रडले. शिडीवरच्या मिरचीला काय करावं सुचेना. तिने नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काका आले ते आगीसारखे लाल होऊन. सोबत संग्रहालयाच्या बाई. रंग्याने घाबरत घाबरत फिका रंग, गडद रंग, शेपटी, सगळं समजावलं. बाईंनी स्वतः दोन्ही विमानं पाहिली, ठिगळावर हात फिरवला.

"पण शेपटी बदलली कोणी?" त्यांनी विचारलं.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मीच," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मोठे पाहुणे यायचे होते. वादळात पुढच्या विमानाची शेपटी मोडली होती. घाईघाईत मागच्या एकाची काढून लावायला सांगितली. माझ्या पार डोक्यातून गेलं."

"म्हणजे विसरले ते काका!" टिल्लू मोठ्याने म्हणाला.

कोणी हसलं नाही. काका शिडी चढून वर गेले. "बाबा, चुकलो मी. तुम्हालाच वेड्यात काढलं. आणि आज हे विमानही माझ्याच हुकमाने कापलं गेलं असतं."

"एक पंख गेला ना रे?"

"गेला, बाबा."

आजोबांनी मान हलवली.

"शाबास रे पोरांनो!" संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "एका पंखाचं का होईना, खरं विमान नेऊ आम्ही. तुम्ही इतिहास वाचवलात!"

आजोबांना खाली उतरवलं. त्यांनी चाचपत तिघांची डोकी जवळ ओढली.

"इतिहासाचं त्या बघतील," ते म्हणाले. "काल रात्री मला माझीच भीती वाटत होती. माझा मित्र खरंच होता की नाही, हेच कळेना. तो आज मला परत मिळाला, पोरांनो."