दहा ते दोन

तो थडग्यावर बसून पाव खात होता.

शुक्रवारची सकाळ. दहाला जुने पाहुणे जातात, दोनला नवे येतात... मधल्या चार तासांत चादरी, न्हाणीघर, फरशा, फ्रिज – सगळं मला एकटीला उरकायचं असतं. त्यात हा. गुडघ्यावर कागदी पिशवी, पायाशी एकच बॅग, आणि जमलेल्या कोंबड्यांना चुरा टाकणं चाललेलं.

"उठा तिथून," मी म्हणाले. "ती बसायची जागा नाही."

"मला तर बरी वाटली. गार आहे."

"खाली माणूस आहे."

"माहीत आहे." त्यानं पावाचा शेवटचा तुकडा सिमेंटवर नीट ठेवला. "माझे वडील आहेत."

माझ्या हातातल्या चादरी घसरल्याच. चार वर्षं मी ती थडगी झाडत होते, पण त्यांचं कुणी माणूस जिवंत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

"पाहुणे दोनला येतात," मी पुटपुटले.

"मी पाहुणाच आहे. तीन रात्री." तो उठून पँट झटकायला लागला. "लवकर आलो... तसं पाहिलं तर चोवीस वर्षं उशिरा."

वहीत नाव होतं, रोंगो. आमची भाषा तो अडखळत बोलायचा, जड बूट घालून वाळूत चालावं तसा. पण हसायचा मात्र अगदी इथल्यासारखा, आधी डोळ्यांनी, मग बाकीचं.

आमच्या रारोटोंगावर परक्याला जमीन विकत मिळत नाही, साठ वर्षांच्या करारानं मिळते. साठ वर्षं म्हणजे विकल्यातच जमा. हे घर लिनेटबाई आणि त्यांच्या नवऱ्यानं, ग्रॅहमसाहेबांनी घेतलं होतं. न्यूझीलंडमधली दोघं शाळामास्तर. दर वर्षी सुट्टीला यायची, म्हातारपणी इथेच राहू म्हणायची. जुनं घर वादळात छप्पर उडून पडलं होतं, त्यांनी ते पुन्हा उभं केलं, निळं स्वयंपाकघर केलं, आणि स्वतः नसतील तेव्हा पाहुण्यांना द्यायला लागली. मग साहेब वारले. तेव्हापासून घर बाराही महिने पाहुण्यांनाच. घरासमोर आपली माणसं पुरणं आमच्याकडे रोजचंच, पण पाहुणे बिचकतात. म्हणून जाहिरातीतले सगळे फोटो समुद्राच्या बाजूनं काढलेले.

रोंगोनं पहिल्या दिवशी घरभर हिंडून एवढंच विचारलं, "मागचं दार कुठे गेलं?"

"तिथे आता न्हाणीघर आहे."

"मी तिथे झोपायचो," तो म्हणाला, आणि बराच वेळ आरशाकडे बघत उभा राहिला.

त्या तीन दिवसांत मला त्या घरात जायचं काही कारण नव्हतं. एकदा मी टॉवेल द्यायला गेले. एकदा टॉवेल मोजायला गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या नळाखाली उताणा पडला होता.

"पाहुण्यांनी नळ दुरुस्त करायचे नसतात."

"मग पाहुणा म्हणू नकोस."

"काय म्हणू?"

"तो पाना दे आधी." पाना घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर उगाच जरा रेंगाळली... "नाव घेतलंस तरी चालेल."

आमचं घर रस्त्याच्या पलीकडे, समोरच. संध्याकाळी बाबांनीच त्याला जेवायला बोलावलं. भाजलेला नीरफणस, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली मासळी. त्यानं चार घास खाल्ले आणि थांबला. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "अकाइती, हा एवढंसं खातोय. एक तर याचं काही बिनसलंय, नाहीतर काही जमतंय."

दोन्ही खरं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी प्रवाळाच्या बांधाकडून पाऊस चालत आला. आधी पांढरी रेघ, मग पाण्यावर टपटप, मग आमच्यावर. आम्ही ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. समोर थडगी भिजत होती. डावीकडे त्याच्या वडिलांचं नाव. उजवीकडचं थडगं बांधलेलं पण रिकामं, तरी वर नाव कोरलेलं – मोएरोआ. जन्माचं साल, मग आडवी रेघ, पुढे काही नाही.

"आईनं निघायच्या आधी कोरून घेतलं," रोंगो म्हणाला. "एकतीस वर्षांची होती ती. मी सहा. ऑकलंडला जाऊन कारखान्यात काम करायचं, आणि शेवटी इथे यायचं, असं ठरवून गेली. आता डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने."

"मग आण ना त्यांना."

तो हसला, पण या वेळी डोळ्यांनी नाही.

"हे घर दिलं तो करार सतरा पानांचा होता. मी बावीस वर्षांचा. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, बाबा तिथेच राहतील ना? मी पहिलं पान वाचलं होतं फक्त. म्हणालो, राहतील, सही कर." पावसाचा आवाज वाढला. "आठव्या पानावर आहे. असलेली थडगी राहतील, नवं कुणाला पुरायचं नाही. तिची जागा मी तिच्याच हातानं घालवली, अकाइती. तिला अजून माहीत नाही. रोज विचारते, माझी जागा कुणी झाडतं का."

"झाडते की," मी म्हणाले. "मीच झाडते."

त्यानं माझा हात हातात घेतला. मी ओढून घ्यायला बघितलं... "ब्लीचचा वास येतो."

"येऊ दे."

त्याच संध्याकाळी त्यानं लिनेटबाईंना फोन केला. मी शेजारीच होते. बाई तुसड्या नाहीत, आवाजही चढवला नाही त्यांनी. त्याच्या आईबद्दल वाईट वाटतं म्हणाल्या. पण वकिलानं बजावलंय, एकाला हो म्हटलं की सगळं कुळ येईल. ऑक्टोबरपर्यंत एक दिवस मोकळा नाही. ग्रॅहम गेल्यापासून मी या घरावरच जगते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

विमानतळावर मी त्याच्या गळ्यात अनंताच्या फुलांची माळ घातली.

"ही तर सगळ्यांनाच घालतात इथे."

"सगळ्यांची विकतची असते."

तो माळ नाकाशी धरून आत गेला, आणि वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी रडले असते, म्हणून बरंच झालं.

मग रोज फोन. तो तिकडे सुतारकामावरून सुटला की, मी इकडे चादरी वाळत घातल्या की. एकदा त्यानं आईच्या हातात फोन दिला. बारीक, दमलेला आवाज.

"तू कोण गं?"

"मी घर सांभाळते, काकू."

"असं?" त्यांना धाप लागली, पण हसल्या. "माझा मुलगा हल्ली शीळ घालतो. तोही तूच सांभाळतेस वाटतं."

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. रोंगोनं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कोरडा होता. तिकडेच पुरतो म्हणाला, जागा मिळतेय, मोठ्या रस्त्याच्या कडेला. शेवटपर्यंत त्यानं आईला खरं सांगितलं नव्हतं.

"घेऊन ये त्यांना," मी म्हणाले.

"परवानगी कुठे आहे?"

"मागितली की मिळत नाही. म्हणून मी मागणार नाहीये. शुक्रवारी दहाला पाहुणे जातात, दोनला येतात. थडगं बांधलेलंच आहे, नुसतं झाकण उचलायचंय."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"अकाइती..."

"तू ये फक्त."

ऑकलंडहून शुक्रवारी निघालेलं विमान आमच्याकडे गुरुवारी उतरतं. मध्ये तारखेची रेघ आहे ना. पेटीमागून चालताना रोंगो मला म्हणाला, "आईला एक दिवस जास्तीचा मिळाला बघ." आणि मग पहिल्यांदा रडला, विमानतळाच्या त्या मोकळ्या आवारात, सगळ्यांसमोर. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोही सगळ्यांसमोर.

शुक्रवारी पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर वळली आणि आमच्या घरातून माणसं निघाली. पहारी घेऊन आठ जण, बायका विणलेल्या पांढऱ्या टोप्या घालून, पाद्री. अकरापर्यंत झाकण सरकलं. चादरी कुणी बदलायच्या म्हणून दोघी जणी आत गेल्या होत्या. माणूस पुरतानाही बिछाने व्हायला हवेत, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात इतकं भिनलेलं आहे. मोएरोआकाकूंना गोधडीत गुंडाळलं होतं, त्यांच्या बहिणींनी शिवलेल्या, लाल फुलांच्या. पेटी खाली गेली. आम्ही गायला सुरुवात केली.

साडेबाराला गाडी आली. ब्रिस्बेनचं जोडपं, दीड तास लवकर. बाई बॅग खाली ठेवून मान खाली घालून उभी राहिली. पुरुषानं फोन काढला. रोंगोनं पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही.

दोनला अंगण धुतलेलं होतं.

त्या पुरुषानं दुसऱ्याच दिवशी लिहिलं – घर स्वच्छ आहे, पण आम्ही पोचलो तेव्हा दारात अंत्यविधी चालू होता. खाली तो फोटो. आठवडाभरात चार बुकिंग रद्द झाली आणि लिनेटबाई स्वतः आल्या. वकिलाचं पत्र घेऊन – पेटी बाहेर काढून दुसरीकडे हलवायची.

रोंगो परत गेला नव्हता. तो आणि मी ओसरीवर उभे होतो, बाई थडग्याजवळ. त्यांची नजर त्या ताज्या सिमेंटवर होती.

"ग्रॅहमची राख मी इथेच, समोरच्या पाण्यात सोडली," त्या म्हणाल्या. "मलाही कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं."

पत्र त्यांनी फाडलं वगैरे नाही. घडी घालून पिशवीत ठेवलं आणि अटी सांगितल्या. पेटी राहील. थडग्यांभोवती जास्वंदीचं कुंपण लागेल, दोन बाजूंनी, रस्त्यावरून आणि दारातून दिसणार नाही असं. आणि करार संपेपर्यंत रोंगोनं या आवारात पाऊल ठेवायचं नाही. हे मान्य असेल तर माझी नोकरी राहील, कारण दुसरी बाई शोधायचं त्यांच्यात आता त्राण नाही.

अटींचे कागद आले तेव्हा रोंगोनं प्रत्येक पान दोनदा वाचलं. मग सही केली.

निघताना तो आमच्या फाटकाशी थांबला. "चल माझ्याबरोबर."

"त्यांच्याजवळ कोण राहील?"

"मी तिच्यासाठी विचारत नाहीये. माझ्यासाठी विचारतोय."

मला तेव्हाच हो म्हणता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर ते नवं सिमेंट, आणि आत जायची मुभा एकट्या मला... तो बाबांचा निरोप घेऊन गेला. फोन येत राहिले, पण आखडलेले. हवा कशी आहे, बाबा कसे आहेत.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी सिडनीची एक म्हातारी बाई एकटीच उतरली. मी आत फरशी पुसत होते. ती बाहेर थडग्याशी उभी राहून हाक मारून म्हणाली, "हे अगदी नवं दिसतंय. कोण होत्या या?"

मी फडकं घेऊन दारात आले. रोजचं उत्तर तयार होतं – या घराच्या जुन्या मालकीणबाई.

"माझ्या सासूबाई," मी म्हणाले.

बाईनं माझा ओला हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी मीच फोन लावला. "आज मी एक खोटं बोलले," म्हटलं, आणि सांगितलं. पलीकडे करवतीचा आवाज चालू होता. मग तो बंद झाला.

"खोटं का?" रोंगो म्हणाला.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अकाइती, मला त्या आवारात येता येणार नाही. अजून बावन्न वर्षं. मी ब्याऐंशीचा होईन."

"माहीत आहे. लग्न रस्त्याच्या या बाजूला करू, बाबांच्या अंगणात. इथून अजून दिसतं त्यांचं नाव."

"कुंपण लावलंस ना?"

"लावलं. अट होती."

"किती वाढलंय?"

मी रस्त्यापलीकडे बघितलं. पाहुण्याबाईंनी ओसरीवरचा दिवा लावला होता. "गुडघ्याच्या वर आलंय," मी म्हणाले. "इथे पाऊस फार आहे यंदा."

"मग मला लवकर यायला हवं," तो म्हणाला.