लाल डावीकडे

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी डोंगा चालवतो, मोटारीचा. वैनगंगेच्या धरणात आमचं जुनं गाव गेलं, त्याच्यावरूनच माझी रोजची ये-जा. खाली अजून भिंती उभ्या आहेत, बाभळींचे बुंधे आहेत. डोंगा चुकून त्यांच्यावर गेला तर तळ फाटलाच समजा. म्हणून वाट दाखवायला पाण्यावर रंगवलेले ड्रम बांधून ठेवलेत. पलीकडच्या घाटाकडे जाताना लाल डावीकडे ठेवायचा, हिरवा उजवीकडे. परतताना उलट. एवढं पाळलं की झालं.

पौषातली सकाळ होती. माझ्या मायला, विमलाबाईला, पहाटेपासून दम लागला होता. रस्त्याने भंडाऱ्याचा दवाखाना लांब पडतो, पाण्यावरून जवळ. तिला घोंगडीत गुंडाळून डोंग्यात बसवलं. तिने डाव्या हाताने माझा हात धरला. त्या मनगटावर बाबांचं नाव गोंदलेलं होतं; लहानपणी मी अक्षरं तिथेच गिरवली.

"भिऊ नको बापू," ती म्हणाली. तिला श्वास घेता येत नव्हता, आणि धीर ती मला देत होती.

मध्यावर पोचलो आणि धुक्यात डोंग्याचं टोक दिसेनासं झालं. पाण्याला नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास येत होता. इतक्यात अगदी जवळून एक ड्रम सरकला. लाल. पण उजवीकडून. पुढचा हिरवा डावीकडून. म्हणजे धुक्यात डोंगा फिरला आणि मी मागे चाललो होतो! स्वतःला शिवी हासडून मी तो वळवला. आता लाल डावीकडे आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

ड्रम येत राहिले, घाट मात्र येईना. मायचा दम हळूहळू बसत होता, आणि का कोण जाणे, त्यानेच मी जास्त अस्वस्थ झालो.

"माय, बरं वाटून राहिलं का?"

"हो... कोनी तरी चूल पेटवली. धूर येते ना."

धूर मलाही आला. मग डोंग्याच्या फळ्यांखालून काहीतरी घरघरलं. जातं दळावं तसं.

"माय... आपन कुठी आहो?"

"घरी येऊन राहिलो ना बापू. ते पाह... आपली चावडी मागं गेली."

हे ड्रम गावात येणाऱ्यासाठीच मांडलेले होते, आणि ते गाव पाण्याखाली होतं.

मी डोंगा गर्रकन फिरवला. तो कलंडला, क्षणभर हलका झाला, पुन्हा जड झाला. दचकून मागे पाहिलं. माय घोंगडीत तशीच बसलेली होती. लाल उजवीकडे ठेवून मी मोटार ताणली ती घाटाला टेकेपर्यंत.

ड्रमांची देखभाल करणारा मंगरूकाका घाटावर उभा होता.

"एवढ्या धुक्यात कोनाच्या भरोशानं आलास बे?"

"ड्रम पाहून आलो काका."

"कोनते ड्रम? रंग द्याले कालच बाहेर काढले ना."

पायऱ्यांवर ते ओळीने पडले होते. रंग अजून ओला होता. वाद घालायला वेळ नव्हता. मी मायला उचललं आणि रिक्षात घातलं.

दुपारपर्यंत ती उठून बसली. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. मी तिच्या खाटेला टेकून लहान पोरासारखा रडलो. तिने चहा मागितला, तेव्हा तर मला हसूही आलं.

मग सलाईन लावायला सिस्टर आली. तिने मायचा हात उलटसुलट करून पाहिला.

"या हातावर गोंदण आहे, शीर दिसत नाही. दुसरा द्या आजी."

मायने डावा हात पुढे केला. मनगट कोरं होतं.

"सांजच्याले घरी नेशील ना बापू?" ती म्हणाली, आणि बाबांचं नाव गोंदलेल्या उजव्या हाताने तिने माझा हात धरला.