लखमाचा वाटा

२००३ साली मी औंढ्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे आमच्या तांड्यावरचं दवाखान्याचं कुठलंही काम माझ्याच गळ्यात पडायचं. हे तर सख्ख्या बहिणीचं होतं. रुपाचा आठ महिन्यांचा पेमा दूध पिताना खोकायचा, निळा पडायचा. तिचा थोरला, लखमा, तान्हा असतानाच असाच खोकत दोन वर्षांपूर्वी गेला होता. दूध फुफ्फुसात उतरतंय का, ते बघायला मी दोघांना हैदराबादला नेलं.

तपासणी साधीच होती. दुधात किंचित किरणोत्सारी औषध घालायचं, लेकराला पाजायचं आणि वरच्या कॅमेऱ्यातून बघायचं. "दूध किधर जाता, बराबर दिखता," मशीनवरचा माणूस म्हणाला. "एक बूंद भी बाहर नक्को."

पण रुपाची सवय! पेमाला पाजण्याआधी तिनं रोजच्यासारखे दोन थेंब बाजूला चादरीवर सांडले. लखमाचा वाटा. मी कपाळाला हात लावला.

पडद्यावर पेमाचं पोट ठिपक्याठिपक्यांनी उजळलं. छाती काळी, स्वच्छ. मला रडूच आलं. मग त्याच्या शेजारी, रिकाम्या चादरीवर, आणखी ठिपके जमू लागले.

"दूध गिरा," तो माणूस वैतागला. चादर बदलली, गादी पुसली. ठिपके वाढतच राहिले... दोन थेंबांचे इतके? हळूहळू आकार आला. पोटाची जागा काळी. वर दोन इवलीशी फुफ्फुसं, दुधानं गच्च भरलेली.

"लखमाच हाय तो..." रुपा पुटपुटली. "भाऊ, मीच निजवून पाजत होते त्याला."

त्या माणसानं मशीन बंद केलं. डॉक्टर म्हणाले, पेमाची फुफ्फुसं साफ आहेत, दूध फक्त घशापर्यंत उलटतंय. उभं धरून पाजा, मग खांद्यावर घेऊन पाठ थोपटा.

"हे आधी काहून न्हाई सांगितलं कुनी?" रुपा थेट तांड्यापर्यंत एवढंच विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. पेमा पिऊन पाळण्यात झोपला होता. रुपा भिंतीला टेकून बसली होती, कुशीत कुणी नसताना हात वाकवून, वाटी-चमचा घेऊन. मग तिनं ते काहीच नसलेलं अलगद खांद्यावर घेतलं आणि थोपटू लागली.

"रुपा... पुरे कर."

"थांब न भाऊ. ढेकर येऊ दे त्याला."

आला. बारीकसा, लेकराचा.

मी पाळण्यात पाहिलं. पेमा गाढ झोपेत होता. रुपाच्या खांद्यावरून दुधाची ताजी गुळणी पदरावर ओघळत होती.