शून्य न घेणारे सेक्टर

देवरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. २००८ साल असेल. भर दुपारी दुलीचंद आला. लग्नांचं शूटिंग करणारा हा माणूस. रडणाऱ्या नवरीलाही 'जरा हसा' म्हणणारा, आणि स्वतःची बायको रेणू विहिरीत पडून मेली तर महिन्याभरात दुसरी मुलगी पाहून आलेला. टेबलावर हार्ड डिस्क ठेवून म्हणाला, "रंजिताताई, रेणूचं सारं मिटवून द्या. नवी येऊन राहिली घरी. मी डिलीट केलं, पण पक्कं पाहिजे."

"डिलीट केल्यानं काही जात नाही, भाऊ. डिस्कच्या चकतीवर गोल रेघा असतात, त्या रेघांचे बारके तुकडे म्हणजे सेक्टर. डिलीट केलं की कोणता तुकडा कोणाचा, एवढी नोंदच जाते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून बांधीतलं धान निघून जाते का?"

"मग सारे तुकडे कोरे करा."

प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिणारा प्रोग्राम मी लावला. हा पाय हलवत मोबाइलवर नव्या मुलीचा फोटो पाहत बसला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

काम संपत आलं तशी डिस्क टक्... टक्... करू लागली. थोडे सेक्टर शून्य घेईनात. त्यांत काय आहे म्हणून मी ते वाचले. व्हिडिओ होता. खाली काळोख, वर उजेडाचा गोल. दुकानात शेवाळाचा वास सुटला. विहिरीच्या तळातून कोणीतरी वर पाहत होतं, आणि कठड्यावरून दुलीचंद वाकून खाली बघत होता. अगदी निवांत.

"रेणू विहिरीत पडली त्या दिवशी तुम्ही तर गोंदियाले होते ना, भाऊ?"

"होतो..." तो खुर्चीवरून उठला. "हे कोणं काढलं?... बंद करा."

मी वायर उपटली आणि डिस्क त्याच्यापुढे फेकली. "फोडा आपल्या हातानं."

त्यानं माझी हातोडी उचलली आणि चकतीचा चुरा होईपर्यंत ठोकत राहिला.

स्क्रीनवरचं चित्र मात्र थांबलं नाही. ते वर सरकू लागलं. दगड... शेवाळ... दगड. त्याचा चेहरा मोठा होत गेला. मग खालून एक ओला हात वर आला आणि त्यानं चित्रातल्या दुलीचंदची कॉलर धरली.

स्क्रीन काळा झाला. मी वळून पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, हात दोन्ही खाली.

"ताई... सोडवा..."

मी जागची हलले नाही. त्याच्या कॉलरमधून पाणी ठिबकत होतं, आणि ती पुढे ताणलेली होती.