कर्ण्यातला श्वास

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी ह्या गोष्टीबद्दल मी सहसा बोलत नाही.

साल पंचेचाळीस. लढाई संपली होती, पण पेट्रोलची टंचाई तशीच होती. म्हणून आमच्या गनीभाईंची लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. गनीभाई फिरत्या टॉकीजचे मालक. नगर जिल्ह्यात जिथं जत्रा किंवा उरूस असेल तिथं आमचा तंबू पडायचा. मी त्यांच्याकडं कर्ण्यावरून पुकारा करायला होतो. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेलो आणि आवाज मोठा, एवढंच माझं भांडवल.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी गनीभाईंनी मला नगर स्टेशनावर पाठवलं. मुंबईहून येणाऱ्या एका नटाला घेऊन मिरजगावच्या तंबूवर पोचवायचं होतं. नट म्हणजे मास्टर सालेह. आज कुणाला नाव आठवणार नाही, पण त्या काळी कर्जत-नेवाशाच्या पोरांनी त्याची चित्रं पाहून गाढवांवरून उड्या मारल्या होत्या. गनीभाईंनी त्याला आधी कितीदा तरी बोलावलं होतं, तो आला नव्हता. यंदा त्यानं आपण होऊन निरोप धाडला. तंबू मिरजगावला पडणार असेल तर येतो म्हणाला.

गाडीतून उतरलेला माणूस मी ओळखलाच नाही. पडद्यावर छाती काढून चालणारा तो गडी खांदे पाडून माझ्यासमोर उभा होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. पण खरा चकित झालो ते त्यानं तोंड उघडलं तेव्हा.

"लई वेळ थांबलात का, भाऊ?" तो म्हणाला.

इराकातल्या बसऱ्याचा अरब, आणि बोली थेट आमच्या कर्जतकडची. मी विचारलं, ही भाषा कुठं शिकलात? तो नुसतं म्हणाला, "एक दोस्त हुता."

लॉरी रडतखडत निघाली. गॅसच्या टाकीचा करपट वास, दोन्ही बाजूंना वाळत चाललेली ज्वारी, आणि वर पांढुरकं ऊन. वाटेत त्यानं मला आपली हकीकत सांगितली. सोळाव्या वर्षी तो घोड्यांच्या जहाजातून मुंबईत उतरला. बसऱ्याहून अरबी घोडे विकायला आणत, त्यांची लीद काढायला हा. मग भायखळ्याच्या तबेल्यात राहिला. एकदा एका सिनेमा कंपनीनं तिथला काळा घोडा भाड्यानं नेला. त्या घोड्यानं कंपनीच्या हिरोला दोनदा खाली पाडलं. तेव्हा हिरोचे कपडे ह्याच्या अंगावर चढवले आणि ह्याला बसवलं. पुढच्या चित्रात हाच हिरो झाला. मुकी चित्रं होती तोवर काही अडलं नाही. बोलपट आल्यावर त्याच्या उच्चारांना लोक हसतील म्हणून कंपनी त्याला वाक्यंच कमी देई. लोक त्याला ऐकायला येत नसत, बघायला येत. जाहिरातीत ठळक छापलेलं असे की मास्टर सालेह प्रत्येक उडी स्वतः घेतो, त्याच्या जागी दुसरा माणूस नसतो.

"आता चित्र का करत नाही?" मी विचारलं.

रस्त्याकडं बघत तो म्हणाला, चार वर्षांपासून माइकसमोर त्याला उभं करत नाहीत. तो बोलतो ते साध्या कानांना नीट ऐकू येतं. पण यंत्रातून ऐकलं की त्याच्या आवाजामागं आणखी काहीतरी असतं. साउंडवाल्यांनी माइक बदलले, तारा बदलल्या, जागा बदलली. शेवटी एकानं आवाज ऐकायला कानांवर लावलेली यंत्रं काढून ठेवली आणि त्या दिवसापासून कामावर येणंच सोडलं.

"काय असतं?"

"कुनीतरी श्वास घेतंय असं... पान्यातनं वर येऊन."

मी हसलो नाही. त्याचा चेहराच तसा नव्हता. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, सीना नदीच्या काठच्या रंगुबाईला मी ओळखतो का.

तिला कोण ओळखत नव्हतं? तिचा मुलगा सहादेव मुंबईला घोड्यांच्या कामाला होता. चार वर्षांमागं बातमी आली की तो कंपनीचा घोडा घेऊन पळाला. पोलीस गावात येऊन घर उसकटून गेले. तेव्हापासून रंगुबाईला सगळी घोडेचोराची आई म्हणत. विहिरीवर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर लांब धरीत. सहादेवची बायको पुष्पावती पंचविशीतली. ती कुंकू लावून वाट बघत होती. परागंदा झालेला नवरा जिवंत की मेलेला, तिला कुणी सांगू शकत नव्हतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. मिरजगाव येईपर्यंत त्यानं दोन्ही हातांनी लॉरीची फळी घट्ट धरून ठेवली होती, जणू आपण रस्त्यावर नाही, एखाद्या कड्यावर उभे आहोत.

दिवेलागणीला तंबू भरला. एका बाजूला पुरुष, कनातीपलीकडं बायका. ऑइल इंजिनाची धडधड, बिडीचा धूर, तुडवलेल्या गवताचा वास. लावायचं होतं त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र, ज्यात तो घोड्यासकट कड्यावरून नदीत उडी घेतो. सालेहनं गनीभाईंना सांगून एक बैलगाडी सीनेकाठी पाठवली होती. रंगुबाई आणि पुष्पावती कनातीजवळ सगळ्यांपासून अंग चोरून बसल्या होत्या. नटानं आपल्याला का बोलावलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी पुकारा केला आणि माइक त्याच्या हातात दिला. तो घ्यावा की नाही असा तो क्षणभर घुटमळला.

"रामराम मंडळी," तो म्हणाला.

कर्ण्यातून त्याचा आवाज घुमला. आणि त्या आवाजामागं... आधी मला वाटलं इंजिनाचाच काही बिघाड. बुडबुडे फुटावेत तसा आवाज. आमचा ऑपरेटर फक्रुद्दीन यंत्रापाशी वाकला, त्यानं दोन खुंट्या फिरवल्या आणि माझ्याकडं बघून नाही अशी मान हलवली. लोकांच्या लक्षात अजून काही आलं नव्हतं. ते खुशीत होते. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, नदीतली उडी तुम्हीच घेतली का?

सालेहनं कनातीकडं पाहिलं. एवढ्या लांबून तो कशासाठी आला होता, ते मला त्या घडीला कळलं नव्हतं. आज कळतं. पण माणसाचा धीर ऐन वेळी सुटतो.

"व्हय," तो म्हणाला. "मीच."

कर्ण्यातून श्वास आला. बुडबुडे नव्हेत, स्पष्ट श्वास. नाका-तोंडात पाणी गेलेला माणूस वर येऊन हवा ओढतो तसा, घशात घरघर होणारा, मग पुन्हा पाण्याखाली गेल्यासारखा दबलेला. सालेहचं तोंड मिटलेलं होतं. माइक त्यानं छातीपासून लांब धरला होता. तरी तो आवाज येत राहिला... थांबायचा, पुन्हा वर यायचा. तंबूतलं हसणं-बोलणं विझत गेलं. एक बाळ रडायला लागलं होतं, तेही गप्प झालं. तुडवलेल्या गवताचा वास जाऊन शेवाळाचा, थंड पाण्याचा वास पसरला. सीना त्या हंगामात कोरडी ठणठणीत असते.

त्या घरघरीत बारीक शिट्टीसारखा एक सूर होता. श्वास आत जाताना तो वाजायचा.

कनातीजवळ रंगुबाई उभी राहिली.

"ह्यो माझा सहादेव हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तंबूभर ऐकू गेला. "ल्हानपनापास्नं त्याची छाती अशीच वाजती. मी रात रात ऐकलीया."

कुणी हललं नाही. सालेह मातीत बसला. माइक मात्र त्यानं सोडला नाही. मग तो बोलला. लोकांकडं न बघता, फक्त त्या म्हातारीकडं बघून.

त्यानं सांगितलं की सहादेव आणि तो एकाच तबेल्यात, एकाच घोंगडीवर निजत. बांधा सारखा, उंची सारखी. हा हिरो झाल्यावर त्यानं सहादेवला घोडे बघायला कंपनीत नेलं. त्या उडीच्या दिवशी सकाळी कड्यावर उभं राहून सालेहनं खाली पाहिलं आणि त्याची गाळण उडाली. ते बाहेर कळलं असतं तर जाहिरातीतली शान गेली असती. सहादेव म्हणाला, दे तुझे कपडे, मी मारतो. त्याला पोहता येत नव्हतं. हे सालेहला ठाऊक होतं. घोडा धरून ठेव, घोडा तुला काठाला आणील, असं त्यानं स्वतः सहादेवला सांगितलं. घोडा काठाला आला. सहादेव आला नाही. प्रेताचा शोध घ्यायचा तर बोभाटा झाला असता. कंपनीच्या मालकांनी घोडा रातोरात विकला आणि चोरीची फिर्याद दिली. ती उडी मात्र चित्रात ठेवली.

"मी गप बसलो, आई," तो म्हणाला. "लोक मला हार घालीत हुते, तवा मी गप बसलो. तुजा लेक चोर न्हाई. चोर मी हाय."

तो बोलत असताना मागचा श्वास हळूहळू संथ होत गेला होता. आता तो झोपलेल्या माणसासारखा चालला होता.

रंगुबाई पुढं आली. माणसांनी पाय ओढून घेऊन तिला वाट दिली. मला वाटलं, ती त्याला मारील किंवा त्याच्या तोंडावर थुंकेल. ती त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "पानी लई गार हुतं का रं?"

सालेहनं होकाराची मान हलवली.

तिनं डोळे पुसले. बांबूवर टांगलेल्या कर्ण्याकडं मान वर करून म्हणाली, "सहादेवा, समद्यांनी ऐकलं बाबा. आता पुरं कर. घे इसावा."

कर्ण्यातून एकच श्वास आला. लांब, खोल, पोट भरून आत ओढलेला. आम्ही सगळे तो बाहेर पडायची वाट बघत होतो. तो बाहेर पडल्याचं काही ऐकू आलं नाही. पाण्याचा वास गेला, इंजिनाची धडधड पुन्हा कानांवर आली. सालेह छातीवर हात दाबून ओणवा झाला होता. थोड्या वेळानं तो सावरला.

गनीभाईंनी खेळ बंद करायला सांगितला. रंगुबाई नको म्हणाली. तिला लेकाला बघायचं होतं. फक्रुद्दीननं चित्र लावलं. कड्यावरची उडी आली तेव्हा तंबूत एकाही माणसानं शिट्टी मारली नाही. पडद्यावर पाठमोरा स्वार क्षणभर आभाळात होता, मग नव्हता. पुष्पावतीनं पडद्याकडं पाहिलं नाही. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं. एकदाच, सावकाश. तिचं रडणं मी ऐकलं नाही. बाहेर पडताना ज्या बायका तिच्यापासून लांब बसल्या होत्या, त्यांतल्याच एकीनं तिचा हात धरला होता.

सालेहला रंगुबाई आपल्या घरी घेऊन गेली. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. ती म्हणाली, माझ्या लेकाच्या घोंगडीवर निजलेला हाय, माझ्या घरात जेवला तर काय बिघडतं?

सकाळी त्याला न्यायला मी लॉरी घेऊन सीनेकाठी गेलो. त्या वर्षीची सगळ्यांत कडक थंडी होती. ज्वारीच्या कणसांवर दहिवर पांढरं जमलं होतं, सूर्य नुकता वर येत होता. रंगुबाईच्या दारात गावातली चार माणसं खाली मान घालून उभी होती. चार वर्षं तिला नावं ठेवल्याबद्दल हात जोडायला आली होती. पुष्पावती मोकळ्या कपाळानं गोठा झाडत होती. मला बघून तिनं काम थांबवलं नाही.

सालेह अंगणात ऊन खात बसला होता. चेहरा उजळलेला, दाढी केलेली, खांदे सरळ. पडद्यावरचा गडी परत आल्यासारखा. मला जवळ बसवून घेऊन तो बोलत सुटला. मुंबईला जाऊन पोलिसांत खरं काय ते सांगणार, कंपनीची भीती वाटत नाही, तबेल्यात पुन्हा घोडे बघीन, दर साल इथं येईन. चार वर्षांत पहिल्यांदा अशी झोप लागली, म्हणाला. छाती कशी हलकी झालीय.

मी ऐकत होतो, हो हो म्हणत होतो. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून वाफ निघत होती. दारातल्या माणसांच्या तोंडातून निघत होती, चुलीशी वाकलेल्या रंगुबाईच्या, गोठ्यातल्या म्हशीच्या नाकपुड्यांतूनही. उन्हात ती पांढरी दिसत होती आणि विरत होती.

सालेह हसत होता, बोलत होता. त्याचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी पुष्कळ वेळ निरखून पाहिलं. त्याच्या तोंडातून काहीच बाहेर येत नव्हतं.